पन्नाशीत हातात घेतलेला लगाम

१९७१ साली ब्रिटनच्या राणी एलिझाबेथचे पती प्रिन्स फिलिप पन्नास वर्षांचे झाले, मनगटाच्या संधिवाताने छळलं आणि त्यांनी पोलो सोडला. पण घोड्यांचा नाद काही सुटला नाही. घोड्यावरून उतरले ते घोड्यामागच्या गाडीत जाऊन बसले, आणि नव्वदी उलटल्यावरही विंडसरच्या पार्कात स्वतः गाडी हाकत होते. घोडागाडीचा छंद कुणाला लागावा असं वाटत असेल तर मी आधी हेच सांगेन, की हा खेळ उशिरा सुरू केला तरी चालतो, गुडघे कुरकुरत असले तरी चालतो. ब्रिटनमध्ये तर व्हीलचेअरसकट आत जाता येईल अशा रॅम्पच्या गाड्या आहेत, शेजारी एक जाणकार दुसरा लगाम धरून बसतो आणि गाडी हाकतो तो व्हीलचेअरवरचा माणूस. मला या खेळातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते.

आपल्याकडे घोडागाडी म्हटलं की टांगा डोळ्यांसमोर येतो, नाहीतर मुंबईच्या व्हिक्टोरिया, ज्यांच्याविरुद्ध २०१५ मध्ये हायकोर्टाचा निकाल लागला. त्या पोटापाण्याच्या गाड्या. ब्रिटन-युरोपातही मोटारी आल्या आणि कामाच्या घोडागाड्या रस्त्यावरून गेल्या, पण काही लोकांनी हौसेपायी ते कसब जिवंत ठेवलं.

फिलिप तेव्हा एफईआयचे, म्हणजे घोड्यांच्या खेळांच्या जागतिक संघटनेचे अध्यक्ष होते, १९६४ ते १९८६. गाडी हाकण्याच्या स्पर्धेचे आंतरराष्ट्रीय नियम त्यांच्याच पुढाकाराने लिहिले गेले, आणि नंतर ते स्वतः त्याच नियमांखाली उतरले. १९७१ मध्ये बुडापेस्टला चार घोड्यांच्या गाड्यांची पहिली युरोपियन स्पर्धा झाली, पुढच्या वर्षी म्युन्स्टरला पहिली जागतिक, आणि १९८० ला विंडसरमध्ये ब्रिटनच्या टीमने सुवर्ण जिंकलं त्या टीममध्ये फिलिप होते. नंतर ते मोठे घोडे सोडून फेल पोनींकडे वळले. इंग्लंडच्या उत्तरेकडची, कंब्रियाच्या डोंगरांतली ही जात, उंची साधारण १४० सेंटीमीटरच्या आत, पण अंगाने दणकट आणि पाय एकदम पक्के.

आता शिकायचं कसं. घोड्यावर बसलेल्या माणसाकडे पाय असतात, बैठक असते, अंगाच्या नुसत्या झुकण्यानेही घोड्याला कळतं. गाडीवाल्याकडे यातलं काहीच नाही, लगाम, आवाज आणि चाबूक एवढंच. आणि चाबूक मारायला नसतो बरं का, स्वाराचा पाय जिथे लागला असता तिथे हलकेच टेकवायला असतो. म्हणून सुरुवात शांत, सरावलेल्या एका पोनीपासून करायची, दोन चाकी हलकी गाडी, शेजारी शिकवणारा. नवीन घोड्यालाही थेट गाडीला जुंपत नाहीत, आधी लांब लगाम लावून त्याच्या मागून पायी चालतात, आवाजावर थांबणं, वळणं त्याच्या अंगवळणी पडू देतात, आणि याला लागतील तेवढे दिवस द्यायचे, इथे घाई केलेली मला अजिबात पटत नाही.

एक नियम मात्र पहिल्या दिवशीच पाठ करायचा. घोडा गाडीला जोडलेला असताना त्याच्या तोंडावरचा साज काढायचा नाही, कधीच नाही, एका मिनिटासाठीसुद्धा नाही. त्या साजाला डोळ्यांशेजारी झापडं असतात. ती निघाली की घोड्याला एकदम मागे चाकं दिसतात, तो बिथरून पळतो, पळाला की गाडीही मागे लागते, आणि लगाम तर तोंडातून सुटलेला, म्हणजे थांबवायला हातात काहीच उरत नाही. म्हणून आधी गाडी सोडायची, मग तोंडाचा साज. तसंच चढताना हाकणारा लगाम हातात घेऊन सगळ्यात आधी चढतो आणि उतरताना सगळ्यात शेवटी उतरतो, तोवर मदतनीस घोड्याच्या तोंडाशी उभा.

हे अंगात मुरलं की स्पर्धा. तीन भाग असतात आणि तिन्हीत मिळून ज्याच्या पेनल्टी, म्हणजे दंडाचे गुण, कमी तो जिंकतो. ड्रेसाजमध्ये मैदानात आखून दिलेल्या आकृत्या, घोड्याची चाल आणि शिस्त बघतात. कोन्समध्ये मैदानात ठेवलेल्या दोन-दोन शंकूंमधून गाडी काढायची, जागा चाकांपेक्षा जेमतेम वीतभर जास्त, शंकूवरचा चेंडू पडला की तीन पेनल्टी. आणि मधली मॅरेथॉन, लोक खरे जमतात ते हिच्यासाठी. लाकडी खांबांच्या, कधी पाण्यातल्या अडथळ्यांमध्ये ए, बी, सी अशी अक्षरं लावलेली दारं असतात, ती त्याच क्रमाने घ्यायची आणि आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत घड्याळ चालू. चार घोडे असले तर पुढची जोडी वळून पुढच्या दाराकडे निघालेली असते तेव्हा मागची जोडी आणि गाडी अजून आधीच्याच खांबापाशी, म्हणजे हाकणाऱ्याला एकाच वेळी दोन ठिकाणचं वळण सांभाळावं लागतं.

फिलिप ९ एप्रिल २०२१ ला वयाच्या ९९ व्या वर्षी गेले. त्यांची नात लेडी लुईस हा छंद पुढे चालवतेय.

विंडसरचा हॉर्स शो मे महिन्यात असतो. कधी जाणं झालंच तर मॅरेथॉनच्या दिवशी एखाद्या अडथळ्याजवळ उभे राहा आणि थोडा वेळ घोड्यांवरची नजर काढून गाडीच्या मागच्या पायरीवर उभ्या असलेल्या माणसाकडे बघा. त्याला ग्रूम म्हणतात. दारांचा क्रम तो ओरडून सांगतो, वळणावर अख्खं अंग बाहेर झोकून गाडीचं मागचं टोक फिरवतो, उलटायला आलेली गाडी स्वतःच्या वजनाने खाली दाबतो. नवशिक्याला या खेळात शिरायला ही पायरी फार चांगली, घोडा विकत घ्यायची गरज नाही, कुणाच्या तरी गाडीला मागे असा माणूस हवाच असतो.