बंदूक रिकामी आहे, हे डोळ्यांनी पाहा

श्रोतेहो, नमस्कार. आपल्या कोकणात बंदुकीशी ओळख होते ती बहुधा डुकरा-वानरांमुळे, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरच्या बारा बोअरच्या बंदुकीतून. मुलांची होते एनसीसीच्या .२२ रायफलीवर, नाहीतर १० मीटरवरच्या नेमबाजीच्या एअर रायफलीवर. नेम कसा धरायचा हे सगळेच हौसेने शिकतात. बंदूक भरायची आणि रिकामी कशी करायची, याचा सराव मात्र कमी होतो. आज त्याबद्दलच बोलू.

रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, नळीचं तोंड सदैव लक्ष्याकडे, बोट चापाच्या कडीबाहेर आणि ‘लोड’ हा हुकूम मिळेपर्यंत हत्यार उघडं, हे तर पक्कंच. एअर रायफलीचा ४.५ मिलिमीटरचा छर्रा घालताना त्याचं डोकं पुढे आणि पोकळ घेर आपल्याकडे हवा. छर्रा भरल्यावर ‘स्टॉप’ आला, तर तो काडीने टोकरून काढायचा नाही. हात वर करायचा आणि रेंज अधिकाऱ्याने परवानगी दिली की लक्ष्यावरच झाडायचा.

खरा घोटाळा होतो तो मॅगझिनच्या, म्हणजे गोळ्यांची पेटी लावायच्या हत्यारात. .२२ चं पिस्तूल रिकामं करताना आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढायची. हा क्रम उलटा झाला तर काय होतं, पाहा. स्लाइड ओढली की चेंबरमधली, म्हणजे नळीच्या मागच्या खोबणीतली गोळी बाहेर पडते, पण ती सोडताच मॅगझिनमधली दुसरी आत शिरते. त्यानंतर मॅगझिन काढलं, तर एक गोळी खाली पडलेली दिसते, मॅगझिन हातात असतं आणि पिस्तूल रिकामं झाल्याची खात्रीच पटते. प्रत्यक्षात ते भरलेलं असतं!

म्हणून स्लाइड मागे अडकवून ठेवा आणि आत डोकावून पाहा: चेंबर, मॅगझिनची जागा, आणि बोल्टच्या, म्हणजे चेंबर मागून बंद करणाऱ्या भागाच्या तोंडाला काही चिकटलंय का तेही. गोळी बाहेर ओढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्याखाली काजळी साठली की तो कधीकधी गोळीची कड पकडतच नाही. स्लाइड ओढली तरी गोळी आत तशीच राहते. .२२ च्या चेंबरमध्ये करंगळी जात नाही, तेव्हा उजेडाकडे फिरून डोळ्यांनीच पाहावं लागतं. फिरायचं ते मात्र आपण, नळी नव्हे. मग चेंबरमध्ये सेफ्टी फ्लॅग, म्हणजे खुणेचा तुकडा घालायचा. तो भडक रंगाचा असतो, कारण चेंबर रिकामं असल्याचं शेजाऱ्यालाही दिसलं पाहिजे.

आता आपल्या हवेचं. खाऱ्या दमट वाऱ्यात काडतुसाच्या पितळेवर हिरवट डाग येतात. .२२ मध्ये ठिणगीचा मसाला काडतुसाच्या कडेतच असतो. ओल लागली की बार फुसका जातो. चाप ओढला आणि आवाज झाला नाही, तर नळी लक्ष्याकडेच धरून निदान ३० सेकंद थांबा. बार उशिरानेही उडू शकतो. याहून वाईट म्हणजे नुसता ‘फुस्स’ आवाज येणं. तेव्हा गोळी नळीतच अडकलेली असू शकते, आणि तिच्यामागून दुसरी झाडली तर नळी फुटते. लगेच थांबा, हत्यार रिकामं करा आणि नळी अधिकाऱ्याकडून तपासून घ्या.

पावसाळ्यात पत्र्याच्या छपरावर सरी कोसळत असतात, त्यात कानांवर संरक्षक. हुकूम ऐकूच येत नाही. अशा रेंजवर लाल बावटा किंवा दिवा हवाच. तो दिसत असेपर्यंत कुणी हत्याराला हात लावायचा नाही, कारण पुढे कुणीतरी लक्ष्य बदलायला गेलेलं असतं.

दुनळीवाल्यांनी बंदूक बिजागरीवर वाकवून उघडावी, दोन्ही काडतुसं काढावीत आणि नळ्या आरपार पाहाव्यात. काठी टेकत घाटी चढताना किंवा कुंपण ओलांडताना बंदूक आधी रिकामी करावी, अगदी चार पावलं जायचं असलं तरी.

घरी नेल्यावर हत्यार फोमच्या पेटीत बंद करून आठवडाभर तसंच ठेवू नका. फोम ओल धरून ठेवतो आणि गंज चेंबरलाही धरतो. नळीतून कोरडं फडकं फिरवा, मग तेलाचा हलका हात द्या, आणि पुढच्या वेळी भरण्याआधी ते तेल चेंबरमधून पुसून काढा. काडतुसं वेगळ्या, कुलूपबंद डब्यात, कोरड्या जागी ठेवा.