शिमग्याचा होम आणि विमानातला धूर

श्रोतेहो, नमस्कार. आपल्या सिंधुदुर्गातला चिपीचा विमानतळ 2021 साली सुरू झाला, आता आपल्यातलेही बरेच जण विमानाने प्रवास करतात. म्हणून आज बोलायचंय विमानाला आग लागली तर आत होणाऱ्या धुराबद्दल. धुराबद्दल हं, ज्वाळांचं नंतर बघू.

आमच्या गावच्या शिमग्यातली गंमत सांगतो. होम रचलेला, मधे आंब्याचा खांब, भोवती गवत, पेंढा, शेणी. ढोल वाजतायत. हल्ली ढोलाच्या जागी डीजे आणतात. त्या धडधडाटात पालखी कशी नाचवायची, देव जाणे! असो. पोरांनी शिमग्याच्या हक्काने कुणाच्या तरी पडवीतला मोडका सोफा उचलला आणि दिला होमात ढकलून. लाकडाचा धूर आपल्या अंगवळणी पडलेला, डोळे चोळत माणसं बोंबा मारत उभीच होती. पण आतल्या फोमने पेट घेतला आणि काळाकुट्ट धूर वाऱ्यासरशी अंगावर आला. बोंब घशातच अडकली. बघता बघता मैदान रिकामं, मानकरीसुद्धा पळाले! शेजारच्या काकी खोकत खोकत म्हणाल्या, "माझो जल्म चुलीपुढे गेलो, पण असलो धूर नाय बगलंय!"

हे उघड्या माळावर. विमानात तर सगळं बंद.

तिथल्या खुर्च्यांतही पॉलियुरेथेनचा फोम असतो. तो जळला की कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड हे विषारी वायू सुटतात. पहिला रक्तातली ऑक्सिजनची जागा बळकावतो, दुसरा पेशींना ऑक्सिजन वापरू देत नाही. माणूस भाजण्याआधी बेशुद्ध पडतो. पुन्हा सांगतो, भाजण्याआधी. 1985 साली मँचेस्टरला एक विमान उडण्याआधीच धावपट्टीवर पेटलं. 55 जण गेले, बहुतेक धुराने.

आता खुर्च्यांवर आग रोखणारं आवरण असतं, जमिनीलगत दिवे किंवा चमकणाऱ्या पट्ट्या असतात. धूर वर साठतो, वरचे दिवे दिसेनासे होतात, म्हणून त्या खाली. तेव्हा वाका, खाली वाका. आणि बसल्याबसल्या दारापर्यंतच्या खुर्च्यांच्या रांगा मोजून ठेवा, अंधारात चाचपत जाता येतं.

सामान मात्र सोडायचं. जानेवारी 2024मध्ये टोकियोच्या हानेदा विमानतळावर पेटलेल्या प्रवासी विमानातून 379च्या 379 जण बाहेर पडले, बॅगा आतच जळाल्या. आपल्याकडे साधं विमान उतरलं तरी ते थांबायच्या आधीच माणसं उठून वरचे कप्पे उघडतात. आंब्याची पेटी कुठे पळून जाणार आहे का?