चाळीसचा कुर्ता नेमका कुणाच्या मापाचा?

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय कपड्याच्या मापाबद्दल, म्हणजे ऑनलाइन कपडे विकताना मापावरून जी किरकिर होते, पार्सल परत येतं, कधीकधी शिव्याही खाव्या लागतात, त्याबद्दल. आपल्या सोलापुरात हा विषय घराघरातला आहे बघा. अशोक चौकात जा, साखर पेठेत जा, नाहीतर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत जा, कुणी चादरी-टॉवेल विकतंय, कुणी शाळेचे युनिफॉर्म शिवतंय, आणि आता जुळे सोलापूरच्या फ्लॅटमधे बसून कितीतरी बायका कुर्ते, गाऊन, पोरींचे फ्रॉक व्हॉट्सअपवर आणि अ‍ॅपवर विकतायत. मी त्यातलीच एक, कुर्ते आणि युनिफॉर्म दोन्ही विकते, त्यामुळे जे सांगणार ते रोजच्या कामातलं सांगणार.

माझं म्हणणं असं आहे की मापाची बहुतेक भांडणं आपण फोटोखाली साइझ टाकतो ना, तिथंच पेरली जातात. पार्सल उघडल्यावर ती फक्त उगवतात. आपण लिहितो ‘साइझ ४०’, बास, संपलं. आता हे ४० कुणाचं? अंगाचं की कापडाचं? विकणाऱ्याच्या डोक्यात असतं की शिवून तयार झालेला कुर्ता छातीला ४० भरतो, आणि घेणारी बाई टेप अंगाला लावून बघते, ४० येतं, म्हणते हा माझाच. कुर्ता हातात येतो आणि डोक्यातून उतरतच नाही. दोघीही खरं बोलतायत आणि तरी भांडण होतंय.

अंगापेक्षा कपडा मोठा लागतो, किती मोठा ते कपड्यावर आहे. सुती कुर्त्याला छातीत २ इंच तरी जास्त पाहिजेत, सैलसर घालायची सवय असेल तर ४. होजिअरीचा टीशर्ट ताणतो म्हणून तो अंगाच्या मापाचाच चालतो, लेगिंग तर अंगापेक्षा लहानच असते. त्यात एस, एम, एल म्हणजे तर सगळा आनंदच, एकाचा एम ३८, दुसऱ्याचा एम ४०, कारण आपल्याकडे बऱ्याच कंपन्या बाहेरच्या देशांच्या तक्त्यावरून मापं काढत आल्या. म्हणून तर निफ्टनं, म्हणजे फॅशनचं शिक्षण देणाऱ्या सरकारी संस्थेनं, ‘इंडियासाइझ’ नावाचा प्रकल्प हातात घेतला, सहा शहरांत १५ ते ६५ वयाच्या २५ हजारांवर लोकांची मापं थ्रीडी स्कॅनरनं घ्यायची आणि आपल्या माणसांच्या अंगाप्रमाणे तक्ता बनवायचा असं ठरवून. ते काम मोठ्या संस्थेचं, पण आपल्या १० डिझाइनपुरता खरा तक्ता आपण घरी बनवू शकतो, त्याला स्कॅनर लागत नाही, १० रुपयांची टेप लागते. फक्त ती टेप जुनी, ताणलेली नको, एकदा स्टीलच्या पट्टीला लावून बघा, फरक दिसला की टाकून द्या.

आता एक उदाहरण देते. नांदेडकडच्या एका ताईंचा रात्री मेसेज, “तुम्ही ३८ पाठवलाय, मी ४० मागवलेला, खूप टाइट आहे, पैसे परत करा नाहीतर सगळ्या ग्रुपवर टाकते.” आता इथं आपला हात शिवशिवतो, आम्ही ४०च पाठवलाय हो, लेबल बघा की, असं लिहावंसं वाटतं. ते लिहायचं नाही. मी लिहिलं, “ताई, त्रास झाला त्याबद्दल सॉरी. एक काम कराल का, कुर्ता पलंगावर सपाट पसरा, सुरकुत्या काढा, एका काखेच्या शिलाईपासून दुसऱ्या काखेच्या शिलाईपर्यंत टेप धरा आणि फोटो काढून पाठवा.” दहा मिनिटांनी फोटो आला. फुलाफुलांची बेडशीट, त्यावर आमचा निळा कुर्ता, पिवळी टेप, आणि टेपेवर बरोब्बर २०. मी लिहिलं, “ताई, समोरून २० म्हणजे पूर्ण घेर ४०. तुमचं अंगाचं माप किती?” त्यांचं उत्तर, “४०.” मग सांगितलं की अंग ४० असेल तर हात वर करायला, खाली बसायला ४२चा कुर्ता लागेल, हा परत पाठवा, मी ४२ काढून ठेवते. त्यावर त्या म्हणाल्या, “अच्छा, असंय होय, मला वाटलं तुम्ही फसवलं.” भांडण तिथंच मिटलं, आणि तो टेपेचा फोटो नसता तर दोन दिवस आमची तू-तू मी-मी चालली असती.

हाच फोटो उलटा पण बोलतो हे लक्षात ठेवा. टेपेवर २० ऐवजी १९ आलं तर कपडा आपला चुकलाय, विषय संपला, जायचा-यायचा सगळा खर्च आपला. आणि हे होऊ शकतं बरं का. थरावर थर रचून एकदम कटिंग होतं तेव्हा मशिनचं पातं जरा कललं की वरच्या थराचं आणि खालच्या थराचं माप सारखं राहत नाही, शिवताना टेलरनं शिलाई पाव इंच आत घेतली की अजून फरक. सपाट माप अर्ध्या इंचानं कमी म्हणजे अंगाभोवती १ इंच कमी, हे गणित नवीन लोकांच्या ध्यानात येत नाही, अर्ध्या इंचाला काय होतंय म्हणतात. म्हणून लॉट आला की गठ्ठ्याच्या वरचा, मधला आणि खालचा असे तीन नग तरी मोजा, मगच फोटो टाका.

आणि मोजायचं काय काय? छाती सगळे लिहितात. उंची लिहितात. पण दंडाचा घेर कुणी लिहीत नाही, आणि माझं ठाम मत आहे की बायकांचे कुर्ते छातीपेक्षा दंडाला जास्त अडकतात. सीट पण लिहा, म्हणजे साइड कट जिथून सुरू होतो तिथली रुंदी, नाहीतर कट फाकतो आणि कुर्ता वर चढतो. शोल्डर, बाहीची लांबी. आत माया, म्हणजे शिलाईच्या आत दाबलेलं जास्तीचं कापड, किती सोडलीय तेही लिहा, “दोन्ही बाजूनं १-१ इंच माया आहे” एवढ्या एका ओळीनं कितीतरी परत येणारी पार्सलं थांबतात, कारण बाई गल्लीतल्या टेलरकडं जाऊन वीस-तीस रुपयांत उसवून घेते आणि खूश होते. आणि हे सगळं खाली बारीक अक्षरात लिहून उपयोग नाही, तिथं कोण वाचतंय, फोटोवरच लिहा, मराठीत, मोठ्या अक्षरात, “हे कपड्याचं माप आहे, अंगाचं नाही.” कपड्यावर टेप ठेवलेला एक फोटो टाका. इंच की सेंटिमीटर तेही लिहा, कारण टेपेला दोन बाजू असतात आणि “माझं माप ९६” असा मेसेज आला की घाबरायचं नाही, ते सेंटिमीटर आहे, म्हणजे जवळजवळ ३८ इंच.

घेणाऱ्यांनाही सांगते, कारण ऐकणाऱ्यांत घेणारे जास्त असणार. अंगाला टेप लावण्याच्या भानगडीत पडूच नका. कपाटातला तुम्हाला सगळ्यात छान बसणारा कुर्ता काढा, तो सपाट टाकून मोजा आणि ते माप विकणाऱ्याच्या मापाशी लावून बघा. एवढं केलं तरी काम होतंय.

आटण्याचा विषय वेगळा आणि जास्त नाजूक. सुती कापड पहिल्या धुण्यात साधारण ३ ते ५ टक्के आटू शकतं, रेयॉन कधी त्याहून जास्त. ४४ इंच उंचीचा कुर्ता ३ टक्क्यांनी आटला तर सव्वा इंचाच्या वर गेला, गुडघ्याखाली येणारा गुडघ्यावर आला. आता गिऱ्हाईक म्हणतं धुतल्यावर लहान झाला, परत घ्या, आपण म्हणतो धुतलेला माल घेत नाही. इथं माझं मत असं की कापड आधी धुऊन आटवून घेतलेलं नसेल तर ते विकतानाच सांगायला पाहिजे, आणि तेवढी उंची जास्त ठेवूनच कापायला पाहिजे. सांगितलं असेल आणि तरी बाईनं कढत पाण्यात टाकला तर तुम्ही सरळ नाही म्हणा, गोड शब्दात पण नाही म्हणा. सांगितलंच नसेल तर भांडू नका. टॉवेलचं पण तसंच, पहिल्या धुण्यात थोडा आखडतो. चादरीला नुसतं सिंगल-डबल लिहू नका, ६० बाय ९० असेल तर तसे आकडे टाका, पुढचं गिऱ्हाईक बघून घेतं.

आपल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत घालतात तो पांढरा अंगरखा, बाराबंदी, बघा, त्याला बांधायचे बंद असतात, जरा सैल बांधा जरा घट्ट बांधा, दोन इंच इकडचे तिकडे चालून जातात. शिवलेल्या कुर्त्याला आणि युनिफॉर्मला ती सोय नाही. युनिफॉर्मचं तर अजून अवघड. जूनमधे शाळा सुरू व्हायच्या तोंडावर आईबाप येतात, पोरगं वाढतंय म्हणून दोन नंबर मोठा मागवतात, मग खांदे लोंबतात, पँट बेल्टमधे मावत नाही, आणि शाळेचा पहिला दिवस दोन दिवसांवर. युनिफॉर्म विकणाऱ्यांनी वय विचारून साइझ देऊ नये हे मी सारखं सांगते, ८ वर्षांची दोन पोरं एका मापाची नसतात. उंची विचारा, कंबर विचारा, आणि मोठा नंबर देण्यापेक्षा पँटच्या खाली दोन इंच दुमड आणि कमरेत माया ठेवून द्या. शाळेच्या ऑर्डरला मे महिन्यातच शाळेत प्रत्येक साइझचा एक नग ठेवा, पोरांना घालून बघू दे, मग आकडा घ्या. त्यात एक दिवस जातो पण जूनचे पंधरा दिवस वाचतात.

आता नियमाचं थोडं, कारण “नो रिटर्न नो एक्स्चेंज” लिहिलं की आपण सुटलो असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाहीये. ग्राहक संरक्षण कायदा २०१९चा, आणि ई-कॉमर्सचे नियम २०२० सालचे. त्यात स्पष्ट आहे की माल खराब असेल, किंवा जाहिरातीत जसा सांगितला तसा नसेल, किंवा सांगितलेल्या मुदतीपेक्षा उशिरा पोचला असेल, तर विकणाऱ्याला परत घ्यायला आणि पैसे द्यायला नाही म्हणता येत नाही. म्हणजे आपण फोटोवर छाती ४० लिहिलं आणि टेपेवर ३८ भरलं, तर तो आवडनिवडीचा प्रश्न राहत नाही. रिटर्नचे नियम आधीच दाखवायचे, तक्रार आली की ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा, हेही त्यातच आहे. आणि आम्ही तर व्हॉट्सअपवर विकतो, आम्हाला कुठले नियम, असं म्हणू नका, नेहमीचा धंदा म्हणून ऑनलाइन विकताय तर तुम्ही त्यात आलात. सुट्या विकल्या जाणाऱ्या तयार कपड्यांवर एस, एम, एलच्या जोडीला सेंटिमीटर किंवा मीटरमधे माप टाकायचं हे वजनमापाच्या नियमांत २०२२ साली आलंय, ते तर आपल्या फायद्याचंच आहे. गिऱ्हाइकाला दाद मिळत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

पण रंग आवडला नाही, लग्न झालं आता नको, अशा कारणाला तुम्ही काय द्यायचं ते तुम्ही ठरवा, फक्त आधी लिहून ठेवा. माझी पद्धत अशी, माप आमच्याकडून चुकलं तर सगळा खर्च आमचा, माप बरोबर पण तुमची निवड चुकली तर बदलून देऊ, यायचं कुरिअर तुमचं, परत पाठवायचं आमचं. ७०० च्या कुर्त्याला जायला ७०, यायला ७०, परत जायला ७० धरले तर त्या कुर्त्यात काय राहिलं सांगा. म्हणून मी ऑर्डर पक्की करायच्या आधी एक मेसेज टाकते, “ताई, हा कुर्ता समोरून २१ इंच आहे, तुमच्याकडच्या चांगल्या बसणाऱ्या कुर्त्याशी बघून ओके म्हणा.” कॅश ऑन डिलिव्हरीला तर हे हवंच.

घालून, कार्यक्रम उरकून, अत्तराच्या वासासकट परत पाठवणारेही असतात, त्यांच्यामुळे चांगल्या गिऱ्हाइकावर संशय घेऊ नका. टॅग छातीवर दिसेल असा लावा, टॅग काढला तर परत नाही एवढं लिहा. पॅक करताना टेप, टॅग आणि पार्सलवरचा नंबर एका व्हिडिओत येऊ द्या, आणि परत आलेलं पार्सल कॅमेऱ्यासमोरच उघडा, कारण अ‍ॅपवर क्लेम लावायला मुदत थोडी असते आणि आत दुसराच जुना कपडा निघाला तर पुरावा तेवढाच.

आणि रिफंड. ठरला की लगेच द्या, आठ दिवस झुलवून दिलेल्या पैशाचं कुणी कौतुक करत नाही. घेणाऱ्यांनो, रिफंड देतो म्हणून कुणी क्यूआर स्कॅन करा, पिन टाका म्हणालं तर फोन ठेवा, पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन पैसे द्यायला लागतो. विकणाऱ्यांनी पण रिफंड त्याच नंबरवर टाका ज्यावरून पैसे आले होते, दुसरा नंबर कुणी मेसेजमधे दिला तर आधी फोन करून आवाज ऐका आणि मगच पाठवा. बरं, येते. नमस्कार.