सागाचं ‘बी’ आणि सागाची जडी

सागाविषयी बोलणं बहुतेक वेळा लाकडापासून सुरू होतं. आज उलट्या टोकाने जाऊ, फळापासून. रोपवाटिकेत साग जिथे जिथे दगा देतो, त्याचं कारण बरेचदा या फळातच सापडतं.

आधी ओळख उरकून घेऊ. टेक्टोना ग्रँडिस हे शास्त्रीय नाव, धाकट्या लिनियसने दिलेलं. मूळचा मुलूख भारत, म्यानमार, थायलंड आणि लाओस. पूर्वी त्याला घाणेरीच्या कुळात धरत, आता तो तुळशीच्या कुळात आहे. तीस मीटरचं झाड आणि कुंडीतली तुळस यांचं नातं पटत नसेल, तर कोवळी फांदी हातात घ्या: ती चौकोनी लागते आणि पानांच्या जोड्या एकमेकींना काटकोनात असतात. तुळशीचंही तसंच. कोवळं पान चोळलं की बोटं तांबडी होतात. ही खूण एकदा पाहिली की साग ओळखायला चुकत नाही.

फुलं पावसाळ्यात येतात, शेंड्याला, भल्या मोठ्या तुऱ्यात. एका तुऱ्यात हजारांवर बारीक पांढरी फुलं असतात आणि प्रत्येक फूल एकच दिवस टिकतं. त्या दिवसात लहान माश्यांनी दुसऱ्या झाडाचा पराग आणला तरच काम होतं; स्वतःचा पराग चालला असं वाटलं तरी पुढे फळ बहुधा गळतं. म्हणून शंभरातली दोन-तीन फुलंच फळाला येतात.

‘शेंड्याला’ या शब्दावर जरा थांबू. तुरा खोडाच्या मुख्य शेंड्यातून निघाला की त्या शेंड्याची वाढ संपते. पुढे वाढ होते ती तुऱ्याखालच्या दोन समोरासमोरच्या कळ्यांतून, म्हणजे झाड दुबेळकं होतं. लवकर फुलणाऱ्या झाडाचं सरळ खोड त्यामुळे आखूडच राहतं, आणि लवकर फुलण्याचा हा गुण बऱ्याच अंशी आनुवंशिक आहे. रस्त्याकडेच्या बुटक्या, फांद्याळ झाडाची फळं वेचायला सोपी, म्हणून तीच पोत्यात जातात. ही सवय मोडायला हवी. सरळ, उंच, उशिरा फुललेल्या झाडांखालचीच फळं वेचा, आणि एकाच झाडाखालची नकोत.

आता फळ. बाहेर फुगलेलं कागदी आवरण, आत नमद्यासारखा, म्हणजे दाबलेल्या लोकरीसारखा, तपकिरी थर आणि त्याच्या आत दगडासारखी आठळी. आठळीत चार कप्पे, पण भरलेलं बी एका-दोन कप्प्यांतच, कधी एकाही नाही. आपण ज्याला सागाचं बी म्हणतो ते हे अख्खं फळ! किलोत साधारण एक ते तीन हजार बसतात. तेवढी रोपं मिळतील असा हिशोब मांडला तर तो फसतोच. काही फळं पोकळ, काहींतून दोन रोपं, आणि बाकीची पंधरवड्यापासून पुढच्या पावसाळ्यापर्यंत केव्हाही उगवणार. १८४०च्या दशकात केरळातल्या निलंबूरला मलबारचे कलेक्टर कॉनॉली आणि त्यांचे वन अधिकारी चातू मेनन यांनी सागाची लागवड सुरू केली, तेव्हा पहिली अडचण हीच आली: बी उगवेना.

उपाय साधा पण वेळखाऊ आहे. कागदी आवरण चोळून काढा. फळं एक रात्र पाण्यात ठेवा, दिवसभर कडक उन्हात पातळ पसरा, आणि हे दहा ते चौदा दिवस करत राहा. ओल आणि ऊन यांच्या ओढाताणीत नमदा सुटतो आणि आठळी ढिली होते. सलग आठ दिवस भिजत ठेवणं हा त्याचा पर्याय नव्हे. त्यात बी कुजतं. ताज्या फळांपेक्षा कोरड्या जागी वर्षभर ठेवलेली फळं चांगली उगवतात, हेही लक्षात असू द्या. पेरणी उघड्यावरच्या गादीवाफ्यात करा, वर जेमतेम फळ झाकेल एवढीच माती. सावली नको, सागाला ऊन लागतंच.

वर्षाचं रोप उपटून त्याची जडी करायची, म्हणजे लावण्यासाठी खोड-मूळ छाटलेला तुकडा. मानेजवळ, म्हणजे खोड आणि मूळ मिळतात तिथे, अंगठ्याएवढी जाडी, म्हणजे एक ते दोन सेंटीमीटर, हवी. वरचं खोड तीन-चार सेंटीमीटर राखा, सोटमूळ पंधरा ते वीस, बाजूची मुळं छाटून टाका. कोयता धारदार हवा. बोथट पात्याने मूळ चिरतं आणि चिरेतून कुज शिरते. पाऊस लांबला तर जड्या कोरड्या वाळूत, सावलीत थर लावून ठेवता येतात. ओल्या वाळूत त्या तिथेच फुटतात.

लावताना पहारेने जडीएवढंच खोल भोक पाडा, मान जमिनीलगत ठेवा, आणि बाजूने पहार मारून माती घट्ट दाबा. जडी मरते ती बहुतेक इथेच. मुळाभोवती पोकळी राहिली की त्यात पाणी साचतं किंवा मूळ सुकतं. वरून सगळं ठीक दिसतं, कोंबही फुटतो, आणि महिन्याभराने तो मान टाकतो. पाणी तुंबणाऱ्या जमिनीत मात्र कितीही नीट दाबलं तरी उपयोग नाही. ती जागा सागाची नव्हेच.

एका जडीला तीन-चार कोंब येतात. वीतभर झाले की जोमदार आणि सरळ एक ठेवून बाकीचे खुडा. दोन मीटर अंतरावर लावलेली रोपं चार-पाच वर्षांत एकमेकांना भिडतात. तेव्हा विरळणी टाळली तर शेंडे बारीक होऊन उन्हासाठी वर पळतात, खोड मात्र भरत नाही.