छोट्या वेब डिझाइन कंपनीत कोण काय करतं? वेबसाइट करून घ्यायच्या आधी हे ऐका

नमस्कार मंडळी! आज वेबसाइटबद्दल कमी आणि ती बनवणाऱ्या माणसांबद्दल जास्त बोलायचंय. म्हणजे ती दोन-चार जणांची छोटी कंपनी, जी आजूबाजूच्या धंदेवाल्यांची कामं करते, कुणाचं गॅरेज, कुणाचा दाताचा दवाखाना, कुणी प्लंबर, कुणी वकील. मी स्वतः याच कामात आहे आणि मला हे काम मनापासून आवडतं, म्हणून आत काय चालतं ते सांगते.

पहिला प्रश्न सगळ्यांच्या मनात असतो तो पैशाचा. सॉफ्टवेअर तर फुकट मिळतं मग तुम्ही पैसे कशाचे घेता? प्रश्न अगदी रास्त आहे, कारण खरंच फुकट आहे. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न नावाच्या संशोधन संस्थेत वेब तयार केलं आणि 30 एप्रिल 1993 ला सर्नने ते सगळ्यांसाठी मोफत खुलं केलं. पुढे 2003 मध्ये मॅट मुलनवेग आणि माइक लिटल यांनी वर्डप्रेस आणलं, म्हणजे वेबसाइट बनवायचं आणि चालवायचं सॉफ्टवेअर, तेही मोफत, आणि आज जगातल्या 40 टक्क्यांहून जास्त वेबसाइट त्याच्यावर चालतात. साइट आणि ती बघणारा यांच्यातली माहिती सुरक्षित ठेवणारं सर्टिफिकेटसुद्धा लेट्स एनक्रिप्ट नावाच्या सेवेकडून फुकट मिळतं. म्हणून तर दोन-चार माणसांना ही कंपनी चालवता येते, नाहीतर लायसन्सचे पैसे भरतानाच दम निघाला असता. तर मग तुम्ही पैसे देता ते माणसांच्या वेळेचे आणि डोक्याचे. आता ही माणसं कोण ते बघू.

लोकांना वाटतं कोड लिहिणारा सगळ्यात महत्त्वाचा. माझं मत वेगळं आहे, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा माणूस तो जो क्लायंटला बोलतं करतो. कारण होतं काय, धंदेवाला म्हणतो "मजकूर तुम्हीच टाका हो काहीतरी", आणि मग साइटवर येतं "दर्जेदार सेवा, अनुभवी टीम, ग्राहकांचं समाधान हेच आमचं ध्येय". हे प्लंबरलाही चालतं आणि वकिलालाही चालतं, म्हणजे कुणाच्याच उपयोगाचं नाही!

हा बोलतं करणारा माणूस जाऊन विचारतो, लोक फोनवर तुम्हाला सगळ्यात आधी काय विचारतात? समजा दाताचा दवाखाना आहे, तर डॉक्टर जरा विचारात पडतात पण रिसेप्शनवरची ताई पटकन सांगते, "अहो, दात दुखतोय, आज घ्याल का, हेच विचारतात, दिवसभर हेच". झालं, पहिल्या पानाचं पहिलं वाक्य मिळालं. दात दुखतोय? आजच फोन करा. आणि त्याच्या खालीच मोठ्ठा नंबर, ज्यावर बोट टेकवलं की थेट कॉल लागतो, कारण ज्याचा दात ठणकतोय तो काही नंबर पाठ करून डायल करत बसणार नाही. डॉक्टरांना तिथे डिग्र्या आणि नवीन मशीनचा फोटो हवा असतो, तो मानही त्यांचा आहेच, पण ते थोडं खाली घ्या हे न दुखावता पटवून देणं, हे कौशल्य कुठल्या कोर्समध्ये शिकवत नाहीत.

मग येतो डिझायनर. 2010 मध्ये ईथन मार्कोट यांनी रिस्पॉन्सिव्ह डिझाइनची कल्पना मांडली, म्हणजे एकच साइट मोठ्या स्क्रीनवरही नीट दिसेल आणि मोबाइलवरही. त्यामुळे चांगला डिझायनर आधी मोबाइलवरचं पान दाखवतो आणि मग कॉम्प्युटरवरचं. आणि पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरं कुणी कितीही सुंदर म्हटलं तरी तो अडून बसतो, कारण साध्या मजकुरासाठी अक्षर आणि मागचा रंग यांच्यात किमान 4.5 ला 1 एवढा कॉन्ट्रास्ट हवा असा वेबचा मान्य निकष आहे, वयस्कर माणसाला उन्हात फोन धरून वाचता आलं पाहिजे ना.

डेव्हलपरचं काम थोडक्यात सांगते, तो हे सगळं चालतं करतो, फॉर्म, स्पीड, अपडेट. फोनमधला चार-पाच एमबीचा फोटो तो दीड-दोनशे केबीवर आणतो आणि फरक डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. गुगलचं म्हणणं आहे की पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसायला हवा.

आणि आता तो माणूस ज्याचं नाव कुणी घेत नाही, डोमेन आणि होस्टिंग सांभाळणारा. डोमेन म्हणजे साइटचं नाव, तिचा इंटरनेटवरचा पत्ता, आणि होस्टिंग म्हणजे साइट जिथे ठेवलेली असते ती जागा. बऱ्याचदा डेव्हलपरच हे करतो, पण काम वेगळं आहे. नवीन साइट जुन्या जागेवरून हलवायची वेळ आली ना की खरी परीक्षा याची असते. डोमेनच्या सेटिंगमध्ये साइट कुठे आहे ते एका ओळीत लिहिलेलं असतं आणि ईमेल कुठे जायची ते दुसऱ्या ओळीत, तिला एमएक्स रेकॉर्ड म्हणतात. घाईत नेमसर्व्हर, म्हणजे या ओळी जिथे ठेवलेल्या असतात ते सर्व्हर, बदलले आणि ती ओळ नवीन जागी उतरवायची राहिली, तर साइट झक्कास दिसते, सगळे खूश, आणि इकडे क्लायंटला ईमेल येणंच बंद! त्याला पत्ताच नसतो, त्याला वाटतं आज कुणाची चौकशी आली नाही. म्हणून जाणकार माणूस आधी सगळ्या ओळींची नक्कल काढून ठेवतो, आदल्या दिवशीच टीटीएल, म्हणजे जुनी ओळ किती वेळ लक्षात ठेवायची तो आकडा, कमी करतो म्हणजे बदल लवकर पसरतो, आणि बदल झाल्यावर दुसऱ्या खात्यातून स्वतः ईमेल पाठवून बघतो, पोचली का. हे काम नीट झालं तर कुणाला कळत नाही, म्हणून मला या लोकांबद्दल फार आदर आहे.

आता तुम्ही धंदेवाले असाल आणि अशा कंपनीकडे जाणार असाल, तर आधीच्या साइट बघालच, पण त्याबरोबर विचारा की आमच्याशी बोलायला कोण बसणार, मजकूर कोण लिहिणार, आणि साइट सुरू झाल्यावर काही अडलं तर फोन कोण उचलणार. आणि सगळ्यात आधी डोमेन कुणाच्या नावावर घेणार? ते तुमच्याच नावावर हवं, तुमच्याच ईमेलवर, लॉगिन तुमच्याकडे. कंपनी कितीही भली असली तरी, कारण उद्या ती बंद झाली किंवा तुमचं पटलं नाही तर तुमच्या धंद्याचा पत्ता दुसऱ्याच्या खात्यात अडकून बसतो आणि सोडवताना नाकी नऊ येतात. चांगली कंपनी हे तुम्ही विचारायच्या आधीच सांगते.

ज्यांची साइट आधीच आहे त्यांनी व्हिडिओ संपला की डोमेन जिथून घेतलं तिथलं लॉगिन शोधा. नसेल तुमच्याकडे तर ज्यांनी साइट बनवली त्यांना आजच फोन करून मागा, आणि मुदत कधी संपते तेही विचारून घ्या. चला, भेटू पुढच्या व्हिडिओत.