नळी, शिट्टी आणि अंगठा

(दृश्य : समुद्र, पूल, पलीकडे झाडीने भरलेलं बेट)

टोकियोहून दक्षिणेला गेलं की समुद्रात एनोशिमा नावाचं एक लहानसं बेट लागतं. इथली देवी बेंझाइतेन. नाव परकं वाटतं, पण ही आपली सरस्वती. बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे इथवर आली आणि इथलीच झाली.

देवळाच्या वाटेवर एक दगड दाखवतात. सतराव्या शतकात सुगियामा वाइची नावाचा एक अंध तरुण याला ठेचकाळून पडला म्हणे. सुया टोचून उपचार करायची विद्या शिकायला गेला होता. हात बसेना, म्हणून गुरूने घरी धाडलेला. देवीपाशी उपास करून परतताना तो इथे आपटला आणि काहीतरी टोचलं. चाचपलं, तर गुंडाळी झालेल्या पानात अडकलेलं पाइनचं सुईसारखं पान! त्यावरून सुई नळीतून टोचायची कल्पना सुचली म्हणे.

गोष्ट खरी माना, नाहीतर सोडून द्या. नळी मात्र खरी आहे.

(दृश्य : अगदी जवळून, बोटं आणि नळी)

बघा. नळी सुईपेक्षा किंचित आखूड. ती कातडीवर टेकवायची, सुई आत सोडायची. वर उरतो तेवढा इवलासा शेंडा. त्यावर बोटाने हलकी टिचकी. झालं. नेम धरायला डोळे लागतच नाहीत. आज डोळस लोकही जगभर अशाच नळीतून सुया टोचतात.

सुयांच्या जोडीला अंधांच्या हातात आणखी एक विद्या होती : अन्मा. म्हणजे दाबणं आणि चोळणं. मूळ चिनी, पण एडो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, ती जपानी अंधांच्या पोटापाण्याचं साधन झाली. यात तेल नाही. तेलाच्या वाटीशिवाय मालिश कसली, असं आपल्याला वाटणारच. पण इथे कपड्यांवरूनच, वर सुती पंचा टाकून, अंग रगडतात. रोख धडाकडून हातापायांच्या टोकांकडे. युरोपी मसाजच्या नेमका उलट. कपडा मध्ये असला तरी गाठ कुठे धरली आहे ते अंगठ्याला बरोबर सापडतं.

(आवाज : रात्र, दूरवर बारीक शिट्टी)

रात्री एडोच्या, म्हणजे जुन्या टोकियोच्या, गल्लीत अशी शिट्टी ऐकू आली की घरातल्यांना कळायचं, अन्मावाला आला. एका हातात काठी, ओठांशी शिट्टी. दमलेला माणूस दार उघडून हाक मारायचा.

वाइचीने पुढे अंधांना ही विद्या शिकवायला शाळा काढली. पॅरिसची प्रसिद्ध अंधशाळा निघायला तेव्हा जवळजवळ शंभर वर्षं अवकाश होता.

या पोटापाण्यावर पुढे गदा आली. महायुद्ध हरल्यावर, १९४७ मध्ये, अमेरिकी अधिकाऱ्यांना हे सगळं अशास्त्रीय वाटलं आणि बंदीची भाषा सुरू झाली. अंध व्यावसायिकांनी जोरदार विरोध केला. त्याच वर्षाअखेर कायदा झाला : बंदी नाही, परवाना.

शिआत्सू त्या मानाने कालचं पोर. शि म्हणजे बोट, आत्सू म्हणजे दाब. उत्तरेच्या होक्काइदो बेटावर तोकुजिरो नामिकोशी नावाचा मुलगा आईचे आखडलेले सांधे अंगठ्याने दाबत बसायचा. त्यातून ही पद्धत निघाली, असं ते सांगत. १९४० मध्ये त्यांनी टोकियोत शाळा काढली. १९५४ मध्ये मेरिलिन मन्रो जपानला आली असताना तिच्यावर त्यांनी उपचार केले, आणि शिआत्सूचं नाव घरोघरी गेलं. रेकी याहून वेगळी. तिच्यात दाब नाही, नुसता हात ठेवायचा. तो श्रद्धेचा मामला, त्यात आपण पडायला नको.

(दृश्य : टोकियोतला रस्ता, दुकानांच्या पाट्या)

या पाट्यांवर 'मसाज' शब्द शोधा. बहुतेक ठिकाणी सापडणार नाही. 'मोमिहोगुशी' दिसेल, म्हणजे मळून मोकळं करणं, नाहीतर 'रिलॅक्सेशन'. कारण मसाजला परवाना लागतो, आणि परवान्याला तीन वर्षांचं शिक्षण नि राष्ट्रीय परीक्षा. १९६४ पासून डोळसांसाठी नवे अभ्यासक्रम काढण्यावरही बंधन आहे, अंधांची रोजीरोटी जाऊ नये म्हणून. त्याविरुद्ध खटला झाला; २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंधन योग्य ठरवलं. पळवाट मात्र पाटीवर राहिलीच.

(दृश्य : र्योगोकु भाग, लहानसं देऊळ)

हे वाइचीचं देऊळ. शोगुन, म्हणजे तेव्हाचा लष्करी सत्ताधीश, त्सुनायोशी त्याच्या उपचारांवर खूश झाला, म्हणाला, काय हवं ते माग. म्हातारा म्हणाला, एक डोळा द्या.

शोगुनाने जमीन दिली. तीच ही. त्या पेठेचं नाव होतं हितोत्सुमे. अर्थ 'पहिली'. कानाला मात्र 'एक डोळा'.