अंगठा वर, पाऊल आत

पडद्यावर फक्त एक पाऊल दिसतंय. माणूस चाळिशीच्या आतला, धावायला निघालाय. पहिली काही मिनिटं सगळं सुरळीत. मग अंगठा आपोआप वर उचलला जातो, बाकीची बोटं बुटात मुडपतात आणि पाऊल आतल्या बाजूला वळतं. तो बसतो. थोड्या वेळानं पाय पुन्हा सरळ.

पार्किन्सन्सची सुरुवात अशीही होते.

जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली लिहिलेल्या निबंधाच्या शीर्षकातच थरथर होती. आपल्या 'कंपवात' या शब्दातही तीच आहे. म्हणून आपण थरथरणारा, म्हातारा हात शोधत राहतो. पण पन्नाशीच्या आत हा आजार जडला, तर कंपाच्या आधी, कधी कधी कित्येक वर्षं आधी, डिस्टोनिया दिसू शकतो. स्नायू मनाविरुद्ध आवळले जातात. बहुधा एकाच पायाचे. कुणाला पहाटे उठताना, कुणाला बरंच अंतर चालल्यावर.

मूळ मेंदूत असतं. सब्स्टॅन्शिया नायग्रा या भागातल्या, डोपामिन हे हालचालींचे संदेश पोचवणारं रसायन तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात आणि कोणता स्नायू आवळायचा, कोणता सैल सोडायचा, हा मेळ बिघडतो. १९९८ मध्ये जपानी संशोधकांनी शोधलेल्या पार्किन जनुकातल्या दोषामुळे होणाऱ्या प्रकारात पावलाचं हे वळणं बऱ्याचदा आढळतं. अशा काही रुग्णांना झोपून उठल्यावर चक्क बरं वाटतं.

पण तिशीतला पाय दुखला की मेंदू कुणाला आठवतो? बूट बदलतात, मालिश होते, याच आजारानं आखडलेल्या खांद्याला 'फ्रोझन शोल्डर' म्हटलं जातं. यात माणसाची उमेदीची वर्षं निघून जातात, याचं फार वाईट वाटतं.

पायात आलेला प्रत्येक गोळा म्हणजे पार्किन्सन्स नव्हे. मात्र तोच पाय, तीच हालचाल, पुन्हा पुन्हा. त्यात चालताना त्याच बाजूचा हात हलेनासा झाला, अक्षर बारीक होत गेलं, तर न्यूरॉलॉजिस्टना गाठा. ते शरीरातल्या तांब्याचीही तपासणी सांगतील, कारण शरीरात तांबं साठत जाणाऱ्या विल्सन्स डिसीजची लक्षणंही अशीच असू शकतात आणि त्यावर वेळेत उपचार करता येतात.

आणि जाताना मोबाईलवर त्या पावलाचा व्हिडिओ घेऊन जा. तपासणीच्या टेबलावर ते बहुधा अगदी सरळ असेल.